संगणकीय भौतिकशास्त्राच्या वर्गात ‘उत्तर चुकले असेल’ ही शंका कशी रुजवावी?

दोलक

गेली काही वर्षे मी भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गाला संगणकीय भौतिकशास्त्र शिकवतो आहे. मुलांना प्रोग्राम लिहिता येत नाही ही माझी अडचण नाही, तो त्यांना बऱ्यापैकी येतो. प्रोग्राम एकदाचा चालला, आलेख पडद्यावर उमटला आणि तो जर्नलात चिकटवला, की त्यांच्या लेखी काम संपते, आणि मला त्रास होतो तो याच गोष्टीचा. आलेख काय सांगतो आहे आणि ते शक्य तरी आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही.

एक उदाहरण देतो. स्प्रिंगला बांधलेल्या वस्तुमानाची सरल आवर्त गती ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे काळाच्या छोट्या पायऱ्या घेत आणि आताच्या वेगावरून व त्वरणावरून पुढचे स्थान व वेग काढत, काढायला मी सांगितली होती. कोनीय वारंवारता १ आणि काळाची पायरी ०.१ होती. या पद्धतीत प्रत्येक पायरीला ऊर्जेला बरोबर १.०१ ने गुणले जाते. एका आवर्तनात सुमारे ६३ पायऱ्या पडतात, म्हणजे एकाच आवर्तनात ऊर्जा १.८७ पट होते आणि दहा आवर्तनांत पाचशे पटींच्या वर जाते. सगळ्या जर्नलांत आंदोलनाचा आयाम फुगत गेलेला स्पष्ट दिसत होता. त्यातल्या एका जर्नलात खाली निष्कर्ष होता : ‘आंदोलकात अनुनाद दिसून येतो.’ अनुनादात बाहेरच्या तालबद्ध बलाने आंदोलन वाढत जाते; इथे बाहेरून कोणतेही बल लावलेले नसताना अनुनाद कशाचा, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याला पडला नाही. त्याहून मला लागले ते हे की बाकीच्यांनी निष्कर्षात ‘सरल आवर्त गतीचा अभ्यास केला’ एवढेच लिहिले होते. अनुनाद लिहिणाऱ्याने निदान आलेखाकडे पाहिले तरी होते.

पायरी ०.०१ केली तर काय होते, हे मी त्यांना नंतर करायला लावले. एका आवर्तनात ऊर्जा साडेसहा टक्के वाढते, आलेख डोळ्यांना निर्दोष वाटतो आणि सगळ्यांचे समाधान होते. दहा आवर्तने चालवली की ऊर्जा पुन्हा १.८७ पट झालेली असते.

ज्यांनी हा विषय शिकवला किंवा शिकला आहे त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. अशा कच्च्या पद्धती शिकवण्यात वेळ घालवावा, की पहिल्या दिवसापासून तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेली फंक्शने, हातात द्यावी? आणि स्वतःच्या उत्तरावर संशय घेण्याची सवय लावता येते का, की ती ज्याची त्याला लागते?

खडूफळा

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे : ऑयलरची पद्धत अजिबात गाळू नका. ती डोळ्यांदेखत चुकते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षी हाताशी असावी अशी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. तुमच्याच आंदोलकावर पुढचा अर्धा तास घालवा. वेग आणि स्थान यांच्या दोन ओळींपैकी आधी वेगाची ओळ चालवायची, आणि स्थान काढताना जुन्या वेगाऐवजी नुकताच काढलेला नवा वेग वापरायचा. बदल एवढाच. गणिताचे काम तितकेच राहते, पायरीही ०.१ च राहते, पण ऊर्जा फुगणे थांबते. ती सुमारे पाच टक्के वर-खाली हेलकावे खाते आणि कितीही आवर्तने चालवली तरी त्याच पट्ट्यात राहते.

ॲलन क्रोमर यांनी १९८१ साली भौतिकशास्त्राच्या अध्यापनाला वाहिलेल्या एका नियतकालिकात याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मुळात ही युक्ती एका शालेय विद्यार्थिनीच्या हातून ओळींचा क्रम चुकल्यामुळे सापडली होती. ही हकिकत मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण तिच्यात मुलांना स्वतःचा चेहरा दिसतो. तिने ओळी चुकीच्या क्रमाने लिहिल्या आणि उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले, तेव्हा ‘असे का झाले’ हे कोणीतरी विचारले. ते विचारले नसते, तर ती वर्गातली आणखी एक चूक म्हणून खोडली गेली असती.

त्यानंतर चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत दाखवावी, जी प्रत्येक पायरीत चार वेळा उतार काढून त्यांची सरासरी वापरते. तिथे मुले हमखास म्हणतात की हीच सर्वांत चांगली, मग आधीच्या दोन कशाला? ०.१ च्या पायरीने दहा आवर्तनांत ती जेमतेम लाखातला एक भाग ऊर्जा गमावते, हे खरेच आहे. पण ती नेहमी गमावतेच, कधी परत मिळवत नाही. हाच हिशोब पुढे नेला तर दहा लाख आवर्तनांनंतर निम्म्याहून कमी ऊर्जा उरते, आणि क्रोमरची ओबडधोबड पद्धत तेव्हाही आपल्या पाच टक्क्यांच्या पट्ट्यातच हेलकावत असते. ग्रहांच्या कक्षा किंवा रेणूंची गती दीर्घकाळ चालवणारे लोक व्हर्लेच्या जातीच्या, म्हणजे क्रोमरच्या पद्धतीसारखीच ऊर्जा पट्ट्यात राखणाऱ्या, पद्धती का धरून बसतात, हे इथे आपोआप समजते. ‘सर्वांत चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी आणि किती वेळ’ हे विचारावे लागते, हे मुलांना इथे पहिल्यांदा उमगते असा माझा अनुभव आहे.

अपूर्णांक

मी गणिताकडून आलेला माणूस आहे, त्यामुळे थोडे कुरकुरतो. तुम्ही दोघेही पद्धतींच्या वागणुकीबद्दल बोलत आहात, पण त्या वागणुकीचे कारण टेलरच्या श्रेणीत, म्हणजे फलाची जवळच्या बिंदूवरची किंमत अंतराच्या घातांत मांडणाऱ्या श्रेणीत आहे, आणि ती श्रेणी मुलांनी परीक्षेपुरती पाठ केलेली असते. ती जिवंत केल्याशिवाय या सगळ्या पाककृतीच राहतील.

त्यासाठी मला एकच प्रयोग पुरेसा वाटतो, आणि त्याला दहा ओळींचा प्रोग्राम लागतो. साईन फलाचा १ या बिंदूपाशी विकलज, म्हणजे तिथला बदलाचा दर, काढायचा : एका छोट्या अंतराने पुढे जाऊन फलाची किंमत घ्यायची, मूळ किंमत वजा करायची आणि त्या अंतराने भागायचे. खरे उत्तर कोसाईनवरून माहीत आहेच. आता अंतर ०.१ पासून दहा-दहा पटींनी कमी करत न्यायचे आणि प्रत्येक वेळी चूक किती राहते ते लॉग आलेखावर मांडायचे. सुरुवातीला चूक टेलरच्या श्रेणीने सांगितल्याप्रमाणे शिस्तीत दहा-दहा पटींनी घटते. अंतर १०च्या उणे आठव्या घाताच्या आसपास पोहोचले की ती थांबते, आणि तिथून पुढे अंतर जितके लहान करावे तितकी चूक वाढू लागते. कारण दुहेरी अचूकतेत संगणक साधारण सोळा अंक धरतो, आणि जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की त्यातले कामाचे अंक उडून जातात. अंतर १०च्या उणे सोळाव्या घाताएवढे केले की गंमत होते : १ मध्ये ते मिळवल्यावर संगणकाच्या लेखी बेरीज १ च राहते, वजाबाकी शून्य येते आणि विकलजही शून्य. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तो आलेख मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेला असावा, एवढाच माझा आग्रह आहे. ‘पायरी लहान केली की उत्तर सुधारते’ हा समज त्यानंतर टिकत नाही.

जाता जाता, हाच प्रयोग दोन्ही बाजूंना सारखे सरकून केला तर व्हीचे टोक उणे पाचव्या घाताच्या आसपास येते आणि चूकही कितीतरी कमी होते. हे कारणासकट मांडू शकणारा विद्यार्थी मला पुढच्या धड्यासाठी तयार वाटतो.

उंबरठा

मी शिकवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी हा विषय शिकलो आणि आता वेगळ्याच क्षेत्रात काम करतो. दोलक यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहावेसे वाटले, कारण ही सवय मला ज्या तासाला लागली तो तास मला स्पष्ट आठवतो.

चेंडू सरळ वर फेकायचा, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरायचा आणि चेंडूच्या उंचीचा आलेख काढायचा, असे काम होते. मी त्वरणासाठी ‘उणे जी, उणे के गुणिले वेगाचा वर्ग’ असे लिहिले. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला आणि एक अतिशय सुबक, सममित कमान आली. मी खूश झालो. आमच्या सरांनी आलेखाकडे पाहिले आणि विचारले, “चेंडू हातात परत आला तेव्हा त्याचा वेग किती होता?” मी आकडा पाहिला. ज्या वेगाने फेकला होता त्याच वेगाने तो परत आला होता. “म्हणजे हवेने जाता-येता चेंडूकडून काहीच घेतले नाही,” एवढे बोलून ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

चूक शोधायला मला अर्धा तास लागला. वेगाचा वर्ग नेहमी धनच असतो. त्यामुळे चेंडू खाली येतानाही माझ्या प्रोग्राममधली हवा त्याला खालीच ढकलत होती, अडवत नव्हती. वेगाला वेगाच्या परिमाणाने गुणले असते तर चिन्ह बरोबर बदलले असते. पण त्या अर्ध्या तासात मला आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त मोलाची ठरली. माझ्या चुकीच्या समीकरणात काळ उलटा फिरवला तरी गती तीच राहते, म्हणून कमान इतकी सममित आली होती. हवा खरोखर विरोध करत असेल तर चढायला लागलेल्या वेळापेक्षा उतरायला जास्त वेळ लागलाच पाहिजे, आणि आलेख एका बाजूला झुकलेला दिसलाच पाहिजे. ज्या सौंदर्यावर मी भाळलो होतो तेच माझ्या चुकीचा पुरावा होते.

सरांनी चूक दाखवली असती तर मी एक चिन्ह दुरुस्त करून घरी गेलो असतो. त्यांनी फक्त एक राशी मोजायला लावली.

त्रिज्या

उंबरठा यांचा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. मी व्यवसायाने सिम्युलेशनचे काम करते, म्हणून लायब्ररीच्या प्रश्नावर माझे मत मांडते.

पहिल्या दिवसापासून लायब्ररी दिली तर शंका घेण्याची जागाच दिसेनाशी होते. सायपाय या पायथन भाषेतल्या लायब्ररीमध्ये डिफरन्शियल समीकरणे सोडवणारे जे नेहमीचे फंक्शन आहे, त्यात काहीच न सांगितल्यास सापेक्ष चुकीची मर्यादा हजारात एक अशी धरली जाते. बहुतेक विद्यार्थ्यांना अशी मर्यादा असते हेच माहीत नसते. त्या फंक्शनला सूर्य आणि एक ग्रह देऊन पुष्कळ फेऱ्या चालवल्या की कक्षा सरकू लागलेली डोळ्यांना दिसते. यात लायब्ररीचा दोष नाही, तिने सांगितले तेवढेच केले. पण ज्याने ऑयलरची फुगलेली ऊर्जा स्वतः पाहिली आहे तोच इथे ऊर्जेचा आलेख काढायला जाईल. म्हणून क्रम असा असावा : आधी स्वतः लिहिलेले, मग लायब्ररी, आणि लायब्ररीलाही तीच परीक्षा.

आमच्याकडे नव्या माणसाला आम्ही एक साधी गोष्ट विचारतो : पायरी निम्मी केल्यावर चूक किती पट कमी झाली? पायरी पुरेशी लहान असेल तर ऑयलरची चूक निम्मी व्हायला हवी, व्हर्लेची चौथाई आणि रुंगे-कुट्टाची सोळावा हिस्सा. तसे होत नसेल तर पद्धत लिहिण्यात कुठेतरी गफलत आहे, मग उत्तर कितीही पटण्यासारखे दिसो. याला अपवादही आहेत आणि तेही शिकवण्यासारखे आहेत. उष्णतावहनाचे समीकरण सर्वांत सोप्या पद्धतीने सोडवताना विसरण-गुणांक गुणिले काळाची पायरी, भागिले अंतराच्या पायरीचा वर्ग, ही संख्या अर्ध्याच्या वर जाऊन चालत नाही. विद्यार्थी फक्त अंतराची जाळी निम्मी करतो, उत्तर सुधारेल म्हणून वाट पाहतो, ती संख्या चौपट होते आणि पडद्यावर करवतीचे दाते उगवतात. एका अर्थाने ही सज्जन चूक आहे, कारण ती लपत नाही.

लपणाऱ्या चुकीचे उदाहरण हवे असेल तर रँडू घ्या. १९६० च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर सर्रास वापरलेले ते यादृच्छिक संख्यांचे सूत्र : आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचे आणि २च्या ३१व्या घाताने भागून बाकी घ्यायची. एकेक संख्या पाहिली तर काही खटकत नाही, जोड्या करून पाहिल्या तरीही नाही. लागोपाठच्या तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले आणि ते चित्र हळूहळू फिरवले, की एका विशिष्ट कोनातून सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर उभे असलेले दिसतात. हा प्रयोग एका तासाच्या आत होतो, आणि ते चित्र फिरवताना वर्गात जो क्षण येतो तो मी दोनदा पाहिला आहे.

निमित्त

मी सध्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्वांचे प्रतिसाद वाचून शिकायला मिळाले, पण विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी असे वाटते.

आम्हाला शंका येत नाहीत असे नाही. पण आमच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तिकेत अपेक्षित आलेख आधीच छापलेला असतो. आपला आलेख तसा आला तर पूर्ण गुण मिळतात, नाही आला तर ‘पुन्हा करा’ असा शेरा येतो. मागच्या वर्षी मी लंबकाच्या प्रयोगात आयाम ९० अंश घेतला आणि आवर्तकाल लहान कोनाच्या सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त आला. मी तो तसाच लिहिला, कारण मोठ्या कोनाला ते सूत्र लागू होत नाही असे मला वाटत होते. माझे गुण कापले गेले, कारण पुस्तिकेत सूत्राचाच आकडा होता. त्यानंतर मी छापील आलेखाशी जुळेल तेच लिहीत आलो आहे. शंका घेणाऱ्याला गुण मिळत नसतील तर ती घ्यायची कोणी?

अपूर्णांक

@निमित्त, तुमचा आकडा अचूक होता. ९० अंशांच्या आयामाला खरा आवर्तकाल लहान कोनाच्या सूत्राच्या १.१८०३ पट असतो आणि तो एलिप्टिक संकलाने हवा तितका नेमका काढता येतो. ६० अंशांना तो १.०७३ पट असतो आणि १० अंशांना जेमतेम ०.२ टक्के जास्त. आयाम कमी करत नेला की तुमचा प्रोग्राम लहान कोनाच्या सूत्राला येऊन मिळतो हे दाखवले असते, तर तुमचे म्हणणे खोडणे अवघड गेले असते. चूक तुमच्याकडे नव्हती, हे मात्र निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवतो.

दोलक

निमित्त यांचा प्रतिसाद मला लागला, कारण अपेक्षित आलेख माझ्याही पुस्तिकेत आहेत. ते मी काढून टाकणार आहे.

पण एक व्यावहारिक अडचण उरते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न सांगितला की संपूर्ण प्रोग्राम काही सेकंदांत मिळतो, आणि तो बहुधा चालतोही. त्यामुळे प्रोग्राम लिहिण्याला गुण देणे मला आता निरर्थक वाटू लागले आहे. मग गुण नेमके कशाला द्यावेत?

खडूफळा

आम्ही तीन बदल केले, त्यांपैकी दोन टिकले.

पहिला असा की प्रोग्राम चालवण्याआधी प्रत्येकाने अपेक्षित उत्तराचा अंदाज कागदावर पेनने लिहायचा : आकडा किती पटीतला असेल, आलेख कोणत्या बाजूला झुकेल, कोणती राशी अक्षय्य राहील. अंदाज चुकला म्हणून गुण जात नाहीत. अंदाज आणि उत्तर यांच्यातल्या फरकाचा खुलासा नसेल तर जातात. दुसरा बदल असा की परीक्षेत आम्ही चालणारा, पण एका जागी भौतिकशास्त्र चुकलेला प्रोग्राम देतो आणि चूक आहे हे आधी सिद्ध करायला सांगतो. ती शोधून दुरुस्त करणे हा नंतरचा भाग. प्रोग्राम कोणी लिहिला, माणसाने की यंत्राने, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. उंबरठा यांच्या चेंडूसारखा प्रश्न यासाठी अगदी योग्य आहे. तिसरा बदल म्हणजे एकमेकांचे प्रोग्राम तपासणे. तो फसला, कारण मित्राच्या चुका कोणी दाखवेना.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगतो. शंका शिकवताना दुसरे टोकही गाठले जाते : अनपेक्षित उत्तर आले की मुले ते सरळ ‘संगणकाची चूक’ म्हणून टाकून देतात. त्यासाठी मी लॉस अ‍ॅलमॉसच्या मॅनियॅक संगणकावरचा तो प्रयोग सांगतो, ज्याचा अहवाल १९५५ साली आला. फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी किंचित अरेखीय, म्हणजे ताणाच्या अगदी सरळ प्रमाणात बल न देणाऱ्या, स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी घेतली होती. पहिल्या कंपनप्रकारात, म्हणजे संपूर्ण साखळीच्या सर्वांत साध्या डोलण्यात, घातलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या प्रकारांत वाटली जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ऊर्जा थोड्याच प्रकारांत फिरली आणि बऱ्याच काळानंतर जवळजवळ पूर्णपणे पहिल्या प्रकारात परत आली. ते उत्तर खरे होते, आणि अरेखीय भौतिकशास्त्राची एक मोठी शाखा त्यातून पुढे वाढली. हे गणित संगणकावर चढवले मेरी त्सिंगू यांनी. अहवालात त्यांचे नाव तळटिपेतल्या आभारापुरते होते. आता अनेक जण या प्रश्नाला चौघांच्या नावाने ओळखतात. अशा उत्तरावर विश्वास ठेवायला आधी किती तपासण्या पार पडलेल्या असाव्यात, यावर मी एक पूर्ण तास चर्चा घेतो.

दोलक

या आठवड्यात उंबरठा यांच्या परवानगीने त्यांचा चेंडू मी जसाच्या तसा, चुकीच्या चिन्हासकट, वर्गाला दिला. प्रोग्राम मीच लिहिला आहे असे सांगितले आणि आलेखावर शेरा लिहायला सांगितले. बारा गटांपैकी नऊ गटांनी ‘आलेख अपेक्षेप्रमाणे आला’ असे लिहिले. दोन गटांनी परतीचा वेग तपासला आणि ऊर्जा कुठे गेली, म्हणजे खरे तर कुठेच कशी गेली नाही, हे विचारायला माझ्याकडे आले. उरलेल्या गटाने विरोधाचा गुणांक दहापट केला. चेंडू कमी उंच गेला, पण कमान तितकीच सममित राहिली, तेव्हा ‘या हवेला वर आणि खाली यांतला फरक कळत नाही’ असे वाक्य त्यांनी जर्नलात लिहिले.

नऊ गटांची जर्नले मी कोणताही शेरा न देता परत केली आहेत, फक्त प्रत्येकावर परतीच्या वेगासाठी एक रिकामी चौकट आखून. पुढच्या तासाला त्या भरून येतील, मग इथे लिहीन.